इंजिन नाही, म्हणून परवडते

'विमान उडवणे हा धनिकांचा नाद' हे ठाण्याच्या वाचकाचे पत्र वाचले. इंजिनाच्या विमानापुरते ते खरे. ग्लायडरला इंजिनच नसते. इंधन लागते ते त्याला दोराने ओढणाऱ्या, जमिनीवरच्या विंचला. पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग सेंटर आहे. विंच दोर गुंडाळू लागते, ग्लायडर तिरपे वर चढते, दोर सुटतो आणि कानांत फक्त वारा. तापल्या जमिनीवरून उठणारी हवा गवसली तर मुक्काम वाढतो, नाहीतर काही मिनिटांत खाली. एका फेरीसाठी वाट पाहण्यात अख्खा दिवस मोडतो, हे मान्य. पण लोकलला लटकणाऱ्या डोंबिवलीकराला ताटकळण्याचे काय कौतुक! कल्याणहून पुण्याला सकाळची इंद्रायणी एक्स्प्रेस आहेच. त्या दिवशी उड्डाणे आहेत का, एवढे मात्र आधी विचारून निघावे.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)