समुद्रस्नान आणि घरचे घंगाळ

इंदापूरच्या एका भगिनींनी आम्हांस विचारले आहे की, सासूबाईंच्या सांधेदुखीवर समुद्रजलाचे उपचार करण्यास त्यांना किनाऱ्यावर न्यावे काय; की कालव्याकाठच्या मचूळ विहिरीचे पाणीही तोच गुण देईल ?

हा उपचार जुना आहे. डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी १७५० साली समुद्रजलावर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून इंग्लंडातील ब्रायटनचा किनारा रोग्यांनी गजबजू लागला. फ्रान्सात रोस्कोफ येथे १८९९ साली ह्या उपचाराचे आरोग्यधाम निघाले. हल्ली समुद्रशेवाळाचे लेपही देतात. तथापि क्षार कातडीतून सांध्यापर्यंत पोचून गुण देतात, हे सिद्ध झालेले नाही. उतार पडतो तो मुख्यत्वे पाण्याची ऊब, त्यात अंगास येणारा हलकेपणा आणि विश्रांती यांमुळे.

विहिरीचे पाणी मात्र समुद्रजल नव्हे. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मचूळ विहिरीत त्याचा अल्पसा अंश, आणि तोही निराळ्या क्षारांचा. घरी १० लिटर कोमट पाण्यात ३५० ग्रॅम जाडे मीठ विरघळवून पंधरा मिनिटे पाय शेकावेत. मिठावाचूनही ऊब तीच मिळेल.

सासूबाईंस मधुमेह असल्यास मात्र हे करू नये. पायांची जाणीव मंदावलेली असते; भाजल्याचे कळत नाही आणि जखम चिघळते. आधी डॉक्टरांस विचारावे.

उरलेले खारे पाणी परसात ओतू नये. नीराखोऱ्यातील खारपड जमिनींविषयी डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी १९१० सालीच लिहिले आहे. त्या मातीस आणखी मीठ नको.