स्त्रियांच्या मासिकांतील कथा-कविता

‘मुलींनीं गोष्टी वाचण्यांत वेळ दवडूं नये,’ असें कित्येक पालक शाळेंत येऊन सांगतात. त्यांचा हेतु चांगलाच असतो. तथापि वाचतां वाचतां लिहूं लागलेल्या स्त्रियांचा इतिहास त्यांनीं एकदां आठवून पाहावा, अशी नम्र विनंती आहे.

प्रारंभीं स्त्रियांविषयीं व स्त्रियांकरितां जें लिहिलें गेलें, तें बहुतांशीं पुरुषांनींच लिहिलें. 1857 सालीं बाबा पदमनजी यांनीं ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचें दुःख लोकांपुढें मांडिलें. हे उपकार थोर खरे. परंतु बोलणारा पुरुष आणि ऐकणारी स्त्री, हाच रिवाज पुढें पुष्कळ वर्षें चालला. 1886 सालीं ‘आर्यभगिनी’ हें मासिक एका बाईंच्या संपादकत्वाखालीं निघालें. 1895 सालीं काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं सुरू केलेल्या ‘मनोरंजन’ मासिकानें लेखिकांस उत्तेजन दिलें, आणि 1930 च्या ऑगस्टांत किर्लोस्करांचें ‘स्त्री’ मासिक निघालें. निबंधांत जें सांगण्यास संकोच वाटे, तें कथेंतील पात्राच्या तोंडून सांगतां येऊं लागलें. तरीही 1933 सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध करितांना बाळूताई खरे यांना ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनांवाआड राहावें लागलें. खरें बोलणें इतकें कठीण होतें!

आपल्या नगरास तर याचें घरचेंच उदाहरण आहे. येथें अनेक वर्षें राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचें शिक्षण फारसें मिळालें नव्हतें. त्याच बाईंनीं कविता केल्या, पतीचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केलें आणि 1934 सालीं, साठी उलटल्यावर, ‘स्मृतिचित्रें’चा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्यांत त्या उपदेश करीत नाहींत. स्वतःची फजितीहि हसत सांगतात. म्हणूनच तें पुस्तक आजहि आवडीनें वाचलें जातें.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थिनीनें वार्षिकाकरितां कथा दिली होती. तींतील मुलगी वडिलांवर रागावून मावशीकडे निघून जाते. प्रस्तुत लेखिकेनें शेवट बदलला आणि त्या मुलीस वडिलांची क्षमा मागावयास लाविलें. कथा छापली गेली, सर्वांनीं वाखाणिली. परंतु त्या विद्यार्थिनीनें पुन्हां एक ओळहि आणून दिली नाहीं. शुद्धलेखन सुधारणें हें शिक्षकाचें कर्तव्य होय. दुसऱ्याच्या मुखीं आपलें वाक्य घालणें नव्हे. जुन्या उपदेशकांस नांवें ठेवणाऱ्या आम्हीं तरी निराळें काय केलें?

सर्वच कथा चांगल्या असतात असें नाहीं. निवड करावी, घरांत एकत्र बसून वाचाव्या, त्यांवर वाद घालावा. पण मुलीनें वहीचें पान पुढें केलें, तर पालकहो, आधीं तें शेवटपर्यंत वाचा. तात्पर्य मागाहून विचारा. आणि मुलींनो, आजीच्या पेटींत एखाद्या मासिकाचा जुना अंक सांपडला, तर तो रद्दींत जाऊं देऊं नका. तो वाचा, आणि मग तुम्हांस जें दिसतें तें लिहा. यापुढें तुमचा शेवट कोणी बदलणार नाहीं, हें वचन आहे.