धूर सांगतो इंजिनाचे दुखणे

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार पोराबाळांसह, भांडीकुंडी घेऊन ट्रक-ट्रॅक्टरवर चढतात आणि पश्चिम महाराष्ट्राची, कर्नाटकाची वाट धरतात. मागे राहिलेल्यांची शाळा, दवाखाना, बाजार एस.टी.च्या भरवशावर चालतो. बीड शहराला प्रवासी रेल्वे मिळाली ती २०२५ साली. इथल्या गोरगरिबांचा संसार आजवर डिझेल इंजिनानेच ओढला. म्हणून त्याची ओळख घरातल्या सर्वांना हवी.

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडावी लागते, इथे तिची गरज नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना, तेच तत्त्व! सिलिंडरमधली हवा पंधरा-वीस पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्यात डिझेलचा फवारा पडताच भडका उडतो. सुरुवातीची इंजिने अवजड, एका जागी बसवलेली असत. इंधन मोजून फवारणारे लहान पंप आले तेव्हा, १९२०च्या दशकात, हे इंजिन मालमोटारीवर चढले. आपल्याकडे टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला मालमोटारी बांधायला सुरुवात केली.

मांजरसुंब्याच्या घाटात भरलेली जुनी गाडी काळा धूर का ओकते? डिझेल जास्त आणि हवा कमी पडली, म्हणून. तो धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल, म्हणजेच वाया गेलेला पैसा. निळसर धूर दिसला तर इंजिनात ऑइल जळते आहे असे समजावे. यावर टर्बोचार्जर हा उपाय निघाला. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो पंखा फिरवतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. पुढे फवाऱ्याची वेळ आणि माप संगणक ठरवू लागला.

प्रश्न पैशाचाच नाही, जिवाचाही आहे. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले. भारतात १ एप्रिल २०२०पासून नव्या मोटारगाड्यांना बी.एस.-६ नियम लागू झाले. त्यामुळे बस-ट्रकच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर आला. विषारी वायू मारण्यासाठी युरियाचे द्रावण फवारले जाऊ लागले. त्याची टाकी वेगळी असते.

मात्र खर्च वाचवण्यासाठी फिल्टर काढून टाकण्याचा मोह काहींना होतो. वाचलेला पैसा मालकाच्या खिशात जातो. काजळी मात्र ड्रायव्हर, मेकॅनिक आणि रस्त्याकडेला लेकरू घेऊन उभ्या असलेल्या आईच्या छातीत जाते.

तरुण मित्रांनो, आय.टी.आय.मध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. आता नुसता पाना चालवून भागत नाही. सेन्सर, वायरिंग आणि स्कॅनरही शिका. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नका. आणि माता-भगिनींनो, बस सुरू असताना तिच्या मागे लेकरांना उभे करू नका. कुणी फिल्टर काढायला सांगितले, तर 'नाही' म्हणणारा मेकॅनिक आपल्या घरातून घडू द्या.