प्रलंबित प्रकरणे : निरंक

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्राबाहेरील एका जिल्ह्यात काम करीत असताना मी एका अंगणवाडीच्या तपासणीस गेलो होतो. बालकांच्या वजन-उंचीच्या नोंदी सलग दोन महिने मोबाइल ॲपवर न भरल्याबद्दल काही सेविकांना कारणे दाखवा नोटीस निघाली होती. त्यांत येथील सेविकाबाईंचेही नाव होते. नोटिशीवर सही माझीच होती. बाईंनी प्रथम कपाटातून एक वही काढून समोर ठेवली. दोन्ही महिन्यांच्या सर्व नोंदी तीत सुवाच्य अक्षरांत लिहिलेल्या होत्या. मग शासनाने दिलेला फोन माझ्या हाती देत त्या म्हणाल्या, "साहब, अब आप ही भर दीजिए."

मी प्रयत्न केला. ॲप उघडेना. ते नवी आवृत्ती मागत होते. ती घेऊ गेल्यास या फोनवर ती चालणार नाही असा संदेश येई. फोनची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी होती. ती अद्ययावत करावी म्हणून सेटिंगमध्ये गेलो. तेथे शेवटच्या सुरक्षा-अपडेटची तारीख तीन वर्षांपूर्वीची होती आणि शेजारीच फोन ग्वाही देत होता : "आपका सिस्टम अप टू डेट है."

ते वाक्य वाचताच मला आमच्याच कार्यालयांतील एक जुनी युक्ती आठवली. मासिक विवरणपत्रात 'प्रलंबित प्रकरणे : निरंक' असे लिहिता यावे म्हणून काही ठिकाणी अर्ज आवक नोंदवहीत चढवलाच जात नाही. जो अर्ज नोंदलाच नाही तो प्रलंबित राहील कसा? फोनही नेमके तेच करीत होता. कंपनीने अपडेट पाठवणे बंद केले, म्हणून येणे बाकी काही नाही. आणि येणे बाकी नाही, म्हणून सर्व अद्ययावत.

नोटीस मी मागे घेतली. पण एक प्रश्न मनात राहिला. त्या बाईंच्या कामाला नियम होता, मुदत होती आणि जाब विचारणारा अधिकारीही होता. फोन बनवणाऱ्याच्या कामाला यांपैकी काय होते?

अपडेट उशिरा का येते, हे प्रशासनात काम केलेल्या माणसाला फार समजावून सांगावे लागू नये. ती एक फाइलच आहे. गूगल अँड्रॉइडची नवी आवृत्ती तयार करते. ती चिप बनवणाऱ्या कंपनीच्या टेबलावर जाते. तेथे त्या चिपचे ड्रायव्हर तिच्याशी जुळवून घेतले जातात. पुढे फोन बनवणारी कंपनी तीत आपली सजावट, आपली ॲप्स, आपल्या कॅमेऱ्याची जोडणी घालते, आणि हे प्रत्येक मॉडेलसाठी वेगळे करावे लागते. अमेरिकेसारख्या देशात, जेथे पुष्कळसे फोन मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्यांमार्फतच विकले जातात, तेथे त्या कंपनीची चाचणी हे आणखी एक टेबल असते. आपल्याकडे फोन एकाकडून आणि सिम दुसऱ्याकडून घेण्याची रीत असल्याने हे टेबल बहुधा नसते. तरीही फाइल लवकर पोहोचते असे नाही. प्रत्येक टेबलावरचे काम खरे आहे, आवश्यकही आहे. परंतु एकूण विलंबाचे उत्तरदायित्व कोणाकडेच नाही, आणि खरी गोम इथेच आहे.

उपाय झालेच नाहीत असे नव्हे. २०११ च्या मे महिन्यात गूगलने उत्पादक आणि सेवा कंपन्यांना बरोबर घेऊन नव्या फोनांना १८ महिने अपडेट देण्याची घोषणा केली. ती लवकरच विस्मरणात गेली. जुलै २०१५ मध्ये 'स्टेजफ्राइट' नावाचा दोष उघडकीस आला. केवळ एका एमएमएस संदेशाद्वारे फोनचा ताबा घेता येण्याची शक्यता त्यात होती. त्यानंतर, ऑगस्ट २०१५ पासून, दरमहा सुरक्षा-अपडेट देण्याची पद्धत सुरू झाली. २०१७ मध्ये अँड्रॉइडची रचनाच बदलून चिपशी निगडित भाग उर्वरित प्रणालीपासून वेगळा काढण्यात आला, म्हणजे फाइलीच्या मार्गातील एक टेबल हलके झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी एस २४ साठी ७ वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. जे पूर्वी अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते शक्य होते हे यावरून सिद्ध झाले. मात्र ही महाग फोनांची गोष्ट आहे. स्वस्त फोनांत हा कालावधी मॉडेलगणिक बदलतो, आणि दुकानात विचारल्यास सहसा उत्तर मिळत नाही.

स्वस्त फोनाला हे परवडत नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो पूर्णपणे खोटा नाही. कमी नफ्यावर विकणाऱ्या कंपनीला जुन्या मॉडेलवर अभियंते राबवणे जड जाते. पण सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्लीत 'अँड्रॉइड वन' योजना सुरू झाली, तेव्हा मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन भारतीय कंपन्यांचे फोन ६,३९९ रुपयांपासून विकावयास आले होते आणि त्यांचे अपडेट थेट गूगलकडून येतील असे सांगण्यात आले होते. त्या फोनांना पुढील आवृत्त्या मिळाल्याही. नेदरलँड्समधील फेअरफोन या छोट्या कंपनीने तर २०१५ साली विक्रीस आणलेल्या आपल्या फोनला, त्यातील चिपच्या निर्मात्याने हात वर केल्यानंतरही, २०२३ पर्यंत अपडेट पुरवले. तेव्हा अडचण पैशाची आहे, पण केवळ पैशाची नाही. कोणी मागितले नाही, म्हणून दिले गेले नाही, हाही भाग आहे.

शासनाने मागितले तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सेवेचा प्रारंभ झाला. अनेकांच्या हातात ५जी फोन होते, काही शहरांत नेटवर्कही होते. परंतु उत्पादकांचे सॉफ्टवेअर अपडेट आलेले नसल्याने सेवा वापरता येईना. दूरसंचार आणि माहिती तंत्रज्ञान विभागांनी त्याच महिन्यात उत्पादक व सेवा कंपन्यांची बैठक बोलावली. सेवा कंपन्यांच्या नेटवर्कवरील चाचण्या उरकून ॲपलने डिसेंबरमध्ये हे अपडेट दिले. म्हणजे अपडेट हा शासनाच्या कक्षेबाहेरचा विषय आहे, असे म्हणता येत नाही. वेगासाठी आपण बैठक बोलावली. सुरक्षेसाठी आणि टिकाऊपणासाठी तशी तातडी मात्र दिसली नाही.

या उदासीनतेची किंमत कोण मोजतो? ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले, हे वाचकांना आठवत असेल. अपुरी स्मृती, सतत बंद पडणे, संपलेली हमी आणि दुरुस्तीचा खर्च अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्या केवळ अपडेटच्या नव्हत्या. पण मुळाशी दोष एकच होता. आपण फोन खरेदी केले, त्यांचे आयुष्य खरेदी केले नाही. पुढे एका फोन खरेदीच्या वेळी मी निविदेत अपडेटच्या कालावधीची अट घालावी अशी टिपणी लिहिली. तीवर शेरा आला : "अशी अट यापूर्वी घातलेली नाही." मी तो शेरा मान्य केला. फोन अटीविना आले. त्या वेळी मी आग्रह धरावयास हवा होता, असे आज वाटते.

आपण स्वतःवर मुदतीचे बंधन घालून घेतले आहे. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवांच्या हमीचा कायदा केला. दाखला किती दिवसांत द्यावयाचा, कोणी द्यावयाचा आणि न दिल्यास दंड कोणाला, हे त्यात ठरते. हाच विचार फोनास लावणे कठीण नाही. माझ्या मते तीन गोष्टी तातडीने करता येतील.

पहिली, फोनच्या खोक्यावर किमतीशेजारी 'सुरक्षा-अपडेटची अंतिम तारीख' छापणे बंधनकारक करावे. औषधाच्या वेष्टनावर ती असते. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ खाली किंमत आणि निर्मितीचा महिना छापलाच जातो. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून उत्पादकाला असा किमान कालावधी जाहीर करावा लागतो.

दुसरी, हा कालावधी मॉडेल बाजारात आल्यापासून मोजू नये. दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल आज नवे म्हणून घेणाऱ्या ग्राहकाची दोन वर्षे आधीच संपलेली असतात. जून २०२५ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या नियमांत मोजणीचा आरंभ त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आणल्यापासून धरला आहे, आणि तेथून किमान ५ वर्षे. शासकीय खरेदीत तरी ही अट आजपासून घालता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

तिसरी, अपडेट थांबले असल्यास फोनने तसे स्पष्ट सांगावे, आणि तेही वापरणाऱ्याच्या भाषेत. 'सर्व अद्ययावत आहे' हे वाक्य अशा फोनवर दिसू देणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

शेवटी माझ्यासारख्या, घरापासून दूर राहणाऱ्या वाचकांस एक विनंती. सुट्टीत गावी जाताना आपण नवा फोन घेतो आणि जुना आई-वडिलांना देतो. त्याच फोनवर पुढे त्यांचे पेन्शनचे संदेश येतात, त्याच फोनवरून ते पैसे पाठवतात. देण्यापूर्वी सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षा-अपडेटची तारीख पाहावी. खालचे वाक्य वाचून समाधान मानू नये, तारीखच वाचावी.