बीजाचा ऋतू

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात गर्भोत्पत्तीसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज हे चार भाव सांगितले व त्यासाठी दृष्टांत दिला तो अंकुराचा. विद्यार्थिदशेत हा संदर्भ आपण सर्वांनीच मुखोद्गत केलेला आहे. प्रत्यक्ष झाड लावण्याची वेळ आली म्हणजे मात्र आपण जमीन, पाणी आणि बी यांचीच चौकशी करतो. ऋतूचा, म्हणजे बीजाला लाभणाऱ्या शीत-उष्णाचा, विचार राहून जातो. औषधी वृक्षांच्या लागवडीतील पुष्कळसे अपयश येथेच आहे, असे आमचे मत आहे.

आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी अशोकाचे टपोरे बी आम्ही मोठ्या हौसेने गोळा केले, सावलीत नीट सुकविले आणि चिकित्सालयातील शीतकपाटात ठेवले. थंडीत द्रव्य टिकते, ही औषधालयात जडलेली सवय! तीन महिन्यांनी पेरले, तर एकही अंकुर दिसला नाही. अशोकाचे बी ओलसर असेपर्यंतच जिवंत असते. वाळले की त्याचे सामर्थ्य जाते. पुढच्या खेपेस शेंगा पिकताच बी मातीत घातले, तेव्हा रोपे मिळाली. निंबाची गतही फारशी वेगळी नाही. निंबोळीची उगवणशक्ती साध्या तापमानात काही आठवड्यांतच झपाट्याने घटते, आणि बी ओलसर असताना शीतकपाटात ठेवले तर गारठ्यानेच त्यास इजा होते.

आरग्वधाची तऱ्हा याच्या उलट. बहाव्याच्या बियांचे कवच इतके कठीण की त्यातून पाणी आत शिरत नाही. बी जिवंत असूनही दीर्घकाळ सुप्त राहते. येथे उष्णता उपकारक ठरते. उकळी आलेले पाणी बियांवर ओतून ते त्यातच निवू द्यावे व बी रात्रभर भिजू द्यावे. जे फुगेल ते पेरावे, न फुगलेल्यावर तोच संस्कार पुन्हा करावा. सागाची फळेही याच कारणाने आळीपाळीने भिजवून उन्हात वाळवितात.

हिमालयातील थुनेर, म्हणजे आपला स्थौणेयक, याची सुप्ती केवळ कवचाची नसून आतील गर्भाची आहे. त्याच्या बियांना आधी उबदार ओलावा आणि नंतर तीन ते पाच अंशांची दीर्घ ओलसर थंडी लागते. या थंडीत सुप्ती टिकविणाऱ्या अ‍ॅब्सिसिक आम्लाचा प्रभाव ओसरतो व जिबरेलिनचा वाढतो. म्हणूनच तेथे अंकुर बहुधा दुसऱ्या वसंतात दिसतो. म्हणजे तेच शीतकपाट अशोकाला मारक आणि थुनेरला हितकर! रुग्णाची प्रकृती न पाहता सर्वांना एकच औषध देणाऱ्यास आपण वैद्य म्हणत नाही. बियांच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

हा प्रश्न केवळ बागकामाच्या हौसेचा नाही. अशोकत्वचेच्या नावाखाली आसुपालवाची साल बाजारात सर्रास येते, हे औषधनिर्मात्या सभासदांना सांगावयास नको. आययूसीएनच्या सूचीत 1998 पासून अशोकाची नोंद असुरक्षित वृक्षांत आहे. जंगलातील झाडे सोलून ही मागणी भागणार नाही. लागवड हाच मार्ग आहे. पण लागवड होते ती वनमहोत्सवाची तारीख साधून, आणि बी येते ते किती जुने याचा पत्ता नसलेल्या पाकिटांतून. अशी पाकिटे वाटल्याची छायाचित्रे छापून येतात. उगवले किती, हे कोणी विचारीत नाही.

आसव-अरिष्टाच्या बाटलीवर बॅच क्रमांक आणि निर्मितीचा दिनांक नसेल तर आपण माल परत पाठवितो. मग बियांच्या पाकिटावर संकलनाचा दिनांक, साठवणीचे तापमान आणि पेरणीपूर्व संस्कार का असू नयेत? संघटनेने बी वाटावयाचे असेल तर एवढी नोंद सक्तीची करावी, आणि अशोक व निंब यांचे बी मुळीच न साठविता त्यांची तयार रोपे द्यावीत, अशी आमची कार्यकारिणीस सूचना आहे.

आमच्या आवारातील अशोकास यंदा शेंगा धरल्या, तर इच्छुक सभासदांनी स्वतः येऊन ओले बी न्यावे आणि त्याच दिवशी पेरावे. टपालाने पाठविण्याची विनंती कृपया करू नये.