आधी काठावर करून घ्या!

गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही कॉलेजचे अकरा जण कोकणातल्या एका नदीवर ट्यूबिंगला गेलो होतो. म्हणजे हवा भरलेल्या रबरी ट्यूबमध्ये बसायचं आणि प्रवाहाबरोबर वाहत जायचं. घासाघीस करून माणशी दोनशे रुपये कमी करून घेतले, त्याचा कोण आनंद! काठावर गाइडदादा सूचना देत होते तेव्हा आमच्यातले निम्मे रील काढत होते. मीसुद्धा. पाच मिनिटांत सगळे पाण्यात.

पहिल्याच खळाळात एका मैत्रिणीची ट्यूब उलटली. लाइफ जॅकेट सैल होतं, ते सरकून थेट तोंडावर आलं. ती घाबरून उभी राहायची धडपड करत होती. गाइड एकच, तोही सगळ्यांच्या पुढे. शेवटी मागून येणाऱ्या मित्राने तिला काठाला ओढलं. गुडघा खरचटण्यावर निभावलं.

‘पाण्यात पडलात तर उभे राहू नका,’ हे दादांनी सांगितलं होतं. जोराच्या प्रवाहात पाय दगडांच्या फटीत अडकला, की पाणी माणसाला पुढे आडवं पाडतं आणि कमरेएवढ्या पाण्यातही तोंड बुडतं. म्हणून उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवायचे आणि हातांनी काठाकडे सरकायचं. मैत्रिणीने हे ऐकलं होतं. पण घाबरल्यावर ऐकलेलं आठवत नाही, केलेलं आठवतं.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. सूचना नुसत्या सांगू नका, करून घ्या. उथळ, संथ पाण्यात प्रत्येकाला एकदा ट्यूबमधून पडायला लावा, उताणं तरंगायला लावा. जॅकेट खांद्यांना धरून वर ओढून बघा; कानापर्यंत आलं तर पट्टे आवळा. हे जमल्याशिवाय कुणालाही पुढे सोडू नका.

आणि गाइड दोन हवेत. एक पुढे, एक सगळ्यांच्या मागे, फेकायच्या दोरीसकट. राफ्टमध्ये गाइड सोबत बसलेला असतो. ट्यूबमध्ये प्रत्येक जण एकटा, ना वल्हं ना सुकाणू. त्यात कोलाडच्या कुंडलिकेसारख्या नदीत पाणी वीजप्रकल्पातून सोडलं जातं. ते कधी आणि किती येणार, हे गाइडला माहीत हवंच. पाणी जास्त वाटलं तर ट्रिप रद्द करायचा अधिकारही त्याला हवा, पैसे परत देऊन.

राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. पण नोंदणीचा कागद आपलं जॅकेट आवळायला येत नाही.

आयोजक म्हणतील, ‘मुलं कंटाळतात, पुढची बॅच थांबलेली असते.’ खोटं नाही ते. कंटाळणारे आपणच, घासाघीस करणारेही आपणच. मग दुसऱ्या गाइडचा पगार निघणार कुठून?

या डिसेंबरलाही आम्ही जाणार आहोत, ती मैत्रीणसुद्धा. फक्त या वेळी फोनवर पहिला प्रश्न ‘कितीला पडेल?’ नसेल. ‘दादा, सगळ्यांच्या मागे कोण असतं?’ असा असेल.