सही कोणाची?



साखर कारखान्याचा बॉयलर सांभाळायला सरकारी दाखला लागतो, वायरिंगला वायरमनचा परवाना. जिवावर बेतणारं सॉफ्टवेअर लिहायला? बायोडेटा पुरतो!

थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचं सॉफ्टवेअर एकट्या माणसाने लिहिलं होतं. १९८५ ते ८७ मध्ये सहा रुग्णांना अतिमात्रा बसली, काही दगावले.

अमेरिकेत सॉफ्टवेअर अभियंत्यांची परवाना-परीक्षा २०१३ साली आली. पहिल्या पाच वेळांना मिळून ८१ जण बसले, २०१९ मध्ये बंद पडली. बहुतेक नोकऱ्यांना ती लागतच नव्हती!

परीक्षेने चुका थांबत नाहीत, मान्य. पण परवानाधारकाला "मी सही करणार नाही" म्हणता येतं. हमरियात मालकाच्या व्हिसावर राहणाऱ्या माझ्यासारख्याला तोच आधार हवा आहे. ही मागणी आपण नाही तर कोण करणार?